डाव्या हातातल्या बांगड्या

पनवेल,
१८ नोव्हेंबर १९५७

ती. गं. भा. आईंना,

वेणूचा पायांना हात लावून नमस्कार. एकच हात लावते, उजवा. डावा का नाही, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले. शकू मासळीवाली या आठवड्यात करंज्याला येईल आणि तिच्या तोंडून तुम्हाला हीच बातमी तिखटमीठ लावून मिळेल. त्याआधी माझ्याकडून अळणी घ्या.

चंद्रावती, तुला नेहमीसारखं भरभर वाचायचं नाही. आईंना आधी बसव. आणि आई, तुम्ही आधी हे ऐका, की मी खुशाल आहे, जेवते आहे, आणि तुमच्या लेकीला वाचून दाखवायला एवढं मोठं पत्र लिहिते आहे.

परवा सकाळी तुळशीरामशेठ नावाच्या किराणा दुकानदाराच्या मोडलेल्या पायाला डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. शेठ गुळाची ढेप काढायला माळ्यावर चढले होते, ते ढेपेसकट खाली आले. वजनाला ढेप कमी नव्हती आणि शेठही. त्यांची क्लोरोफॉर्मची गुंगी पुरती उतरली नव्हती, तेव्हा मी, आमच्या वॉर्डातली आया रंभा आणि एक वॉर्डबॉय अशा तिघांनी मिळून त्यांना स्ट्रेचरवरून खाटेवर घेतलं. गुंगीतल्या माणसाला आपण पडतोय असंच वाटत असतं. शेठनी घाबरून हाताला लागेल ते घट्ट धरलं. त्यांच्या हाताला माझं डावं मनगट लागलं.

हिसडा मारून सोडवलं असतं तर शेठ फरशीवर गेले असते. म्हणून सोडवलं नाही. बांगड्या वाढल्या.

सगळ्या वाढल्या, एकही राहिली नाही. काचा मनगटात शिरल्या, रक्त आलं, टाके पडले. आता हात फळीला बांधून गळ्यात अडकवला आहे. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. इतरांना देताना "मुंगी चावल्यासारखं होईल" म्हणते, तर ती मुंगी चांगली घोरपडीएवढी असते हे कळलं.

बांगड्या वाढल्या आणि तुमचे चिरंजीव होडीवर आहेत. या दोन गोष्टी एका ओळीत लिहिताना माझा हात थांबला होता, आई. तुमच्याच अंगणात कासाराने त्या भरल्या होत्या. उजव्या हातातल्या आपण रीतीप्रमाणे लग्नात दर्याला दिल्या, माझ्या नवऱ्याला सांभाळ म्हणून. डाव्या हातातल्या तेवढ्या माझ्या होत्या, तो असेपर्यंत काढायच्या नाहीत अशा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी आमच्या मॅट्रन कमळाबाईंना मी हे सांगितलं होतं. वॉर्डात बांगड्या चालत नाहीत हा नियम तेव्हाही होता. बाई घाटावरच्या, त्यांना आपली रीत ठाऊक नव्हती. पण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अर्ध्या देऊन आलीस ना, मग उरलेल्यांवर मी काय बोलू?" इतकं समजून घेणारं माणूस परमुलखात भेटलं, याचं मला फार वाटतं.

त्याच बाईंनी परवा दोन्ही मुठींनी माझं मनगट आवळून धरलं, डॉक्टर येईपर्यंत सोडलं नाही. रंभाने शेठना एकटीने पोटाशी धरून खाटेवर टेकवलं आणि मगच रडायला सुरुवात केली. माणसं चांगली आहेत हो इथली.

तुम्हाला वाटतं, धोका काय तो दर्यात. इथे येऊन बघा एकदा. फिनेल टाकून पुसलेली फरशी आपल्या शेवाळलेल्या धक्क्यासारखी निसटते. सुया उकळायच्या भांड्याचं झाकण अंगाकडे उघडलं तर तोंड भाजतं. सुई तर रोग्याला टोचण्याआधी आपल्याच बोटात जायला टपलेली असते. आणि जाडजूड माणसं उचलून उचलून आमच्यातल्या निम्म्याअधिक बायका चाळिशीच्या आत कमरेला हात लावून चालतात. होडीवर निदान सुकाणू धरणारा तांडेल ओरडतो तरी, "सांभाळ!" इथे कोणी ओरडत नाही, रोगी झोपलेले असतात.

तुम्ही रागावाल हे मला माहीत आहे. रागवा. पण ज्या दिवशी कोळीवाडा म्हणत होता, "ठमाबाईची सून पनवेलीला परक्यांची मुतेरी उचलते," त्या दिवशी तुम्ही माझं बोचकं स्वतः एस.टी.त चढवलं होतं. ते मी विसरलेले नाही, आणि आजही त्याच आधारावर लिहिते आहे.

तुमची सून,
वेणू


पनवेल,
३ डिसेंबर १९५७

ती. गं. भा. आईंना,

शकूबरोबर पाठवलेली सुकट आणि बोंबील मिळाले. निरोप काहीच नव्हता. "काय बोलल्या?" म्हणून विचारलं तर शकू म्हणाली, "काय नाय बोलली. टोपलीन टाकलान आनि पाठ केलान." तुम्ही बोलत नाही पण सुकट पाठवता. आई, असला अबोला सगळ्या सासवांनी धरावा. सगळा वॉर्ड वास घेत होता आणि मी एकटीने खाल्लं. खोटं कशाला, रंभाला दिलं थोडं.

मग चंद्रावतीचं पत्र आलं, तेव्हा तुमचं म्हणणं कळलं. नोकरी सोड, घरी ये, कासार बोलावते, पुन्हा बांगड्या भरू आणि दर्याची ओटी भरू. पुन्हा परक्या मुलखात हात घालायचा नाही.

तुमचं चुकतं असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मी असते तर याहून मोठा तमाशा केला असता. पण इथे काय झालं तेही ऐका, म्हणजे मी लगेच "येते" का लिहीत नाही ते कळेल.

शेठच्या खाटेवरची चादर त्याच दिवशी बदलली होती. तरी दुसऱ्या दिवशी कमळाबाईंना त्यांच्या प्लास्टरच्या कडेला हिरव्या काचेचा तुकडा सापडला, मांडीच्या अगदी लगत. जोंधळ्याच्या दाण्याएवढाच, पण आत सरकला असता तर आत पू झाला असता आणि पाय गेला असता. बाईंनी तो तुकडा बशीत ठेवून माझ्या खाटेपाशी आणला आणि मला बघू दिला. आई, तेव्हापासून एकच मनात घोळतं. माझ्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी घातलेली काच दुसऱ्या बाईच्या नवऱ्याच्या मांडीत शिरत होती. ही काच दर्याला कशी आवडेल?

त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. हातात काहीही घालायचं नाही, अंगठी, बांगडी, दोरा, काही नाही. घड्याळ छातीला टाचायचं. रोगी उचलताना तिघांपेक्षा कमी नकोत, आणि तिघांतल्या एकाने "उचला" म्हटल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. हे शेवटचं मी आपल्या धक्क्यावरून आणलं आहे. होडी वर ओढताना एक जण हाक देतो की नाही, तसं. डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. बांगडीच्या बाबतीत मात्र आता कोणाचं ऐकायचं नाही म्हणाले. नियम मोडला तर वॉर्डात पाऊल नाही.

आयांनी गोंधळ घातला. रंभा चिरनेरची, आगऱ्यांची. तिचा नवरा मिठागरावर असतो, दर्यावर नाही, पण ती म्हणाली, "आमी भांडी घासू, पायखाना धुऊ. मोकले हातानं नाय फिरनार. घरी कोन मेलाय काय?" बाईंनी मधला मार्ग म्हणून बांगड्यांवरून पट्टी गुंडाळून पाहिली. पट्टी भिजली, कुजली, आत बांगडी फुटली ते कोणाला दिसलंही नाही. तो मार्ग बंद झाला. आता सगळ्या म्हणतात, "वेणूसिस्टर काय करते ते बघू." मी मोकळ्या हाताने कामावर गेले तर त्या राहतील, नाही तर जातील. माझ्या मनगटावर एवढी गर्दी कधी नव्हती.

मी तुमच्या परवानगीशिवाय जाणार नाही. हे मी सर्वांना सांगितलं आहे. तुम्ही हो म्हणा, एवढंच मागते.

चंद्रे, इथून पुढे मनात वाच. आईंना हे सांगू नकोस. माझा अंगठा उचलत नाही. बोटं हलतात, मूठ वळते, पण अंगठा मेल्या खेकड्याच्या नांगीसारखा तळहाताला चिकटून पडतो. काचेने त्याला वर ओढणारा दोर तुटला होता, तो डॉक्टरांनी शिवला आहे. फळी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले. अंगठ्याशिवाय इंजेक्शन भरता येत नाही, नाडी धरता येत नाही, जन्मतं मूल धरता येत नाही. मी नियमाबद्दल एवढं भांडते आहे, आणि कदाचित मला परत जायला हातच नसेल. कोणाला तरी सांगायचं होतं, तुला सांगितलं.

तुझी वहिनी,
वेणू


पनवेल,
२९ डिसेंबर १९५७

ती. गं. भा. आईंना,

तुमचे चिरंजीव येऊन गेले. होडी मोऱ्याच्या बंदराला लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दारात उभे. अंगाला पार गुजराथपर्यंतचा खारा वास, हातात एक भली मोठी घोळ मासळी. परिचारिकांच्या खोलीत पुरुषांना येऊ देत नाहीत, म्हणून आम्ही वडाळ्या तळ्याच्या काठी जाऊन बसलो. त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि जाळ्याचा फाटका डोळा तपासावा तसा बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "शिवलाय बरा. कोनी शिवला?" मी म्हटलं, डॉक्टरांनी. म्हणाले, "मंग त्याला घोल दे. आपन काय दुसरी खाऊ."

बांगड्यांबद्दल मी विचारलं. म्हणाले, "आय बोलंल तसा. दर्यान मी असतंय, पन घरान भीती ती धरून बसते." मला राग आला होता, पण यावर काय भांडणार? खरंच आहे ते. ते होडीवर असतात तेव्हा भीती तुम्ही धरून बसता, आई, आमच्या दोघांच्या वाटची. त्यासाठी मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. आज मानते.

आता ते पुन्हा गेले. बोंबलाचा हंगाम आहे, थांबून चालत नाही.

दुसरी बातमी चांगली आहे. फळी सुटली आणि अंगठा हलला. चंद्रावतीने तुम्हाला सांगितलं नसेल, तर आधी तो हलत नव्हता, पण आता हलतो, म्हणून आता सांगायला हरकत नाही. कमळाबाई मला रोज सकाळी त्यांच्या खोलीत कणीक मळायला लावतात. व्यायाम माझा, पोळ्या त्यांच्या. मी म्हटलं, "बाई, हा उपचार आहे की बिगार?" तर म्हणाल्या, "दोन्ही. अंगठा वर कर." मग सगळ्या वॉर्डाच्या पट्ट्या माझ्याकडून गुंडाळून घेतात. परवा पहिल्यांदा मी चिमटीत सुई धरली. बाईंनी तोंड फिरवलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हा हात त्यांनी मला परत दिला, दुसरं काय म्हणू?

डॉक्टर म्हणतात संक्रांतीनंतर कामावर ये. मोकळ्या हाताने. आई, तुमचं उत्तर अजून नाही. सुकट येते, उत्तर येत नाही.

चंद्रे, पुन्हा मनात वाच. हे आईंना वाचून दाखवलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

मला एक सांग. तुझ्या भावासाठी मी बांगड्या घालायच्या. तू तुझ्या नवऱ्यासाठी घालतेस. आईंनी मामंजींसाठी घातल्या होत्या. पुरुष धोक्यात जातो म्हणून बाईच्या हातात काच. मग मी रोज फिनेलच्या फरशीवर, उकळत्या सुयांपाशी, भ्रमात मुठी मारणाऱ्या माणसांपाशी जाते, तेव्हा माझ्यासाठी कोणाच्या हातात काय असतं? कोणी कधी म्हणालं का, की वेणू आज ड्यूटीवर आहे, तिच्यासाठी नारळ ठेवा? मी रडत नाही, मी चिडले आहे. दोन्ही एकत्र झालं आहे खरं. तुला लिहिलं की मोकळं वाटतं. लिहून झालं. आता फाडून टाक.

वेणू


पनवेल,
९ जानेवारी १९५८

चंद्रावती,

हे पत्र फक्त तुला आहे, म्हणून नमस्कार वगैरे नाही.

शकूने सांगितलं. तू सगळं वाचून दाखवलंस! फक्त मागचंच पत्र नाही, त्याच्या आधीचंसुद्धा! "मना गालून वाचता नाय येत, मी वाचाया बसली की वाचतंच जाते," असं म्हणालीस म्हणे. चौथीपर्यंत शाळेत गेलीस ती मला बुडवायलाच का?

आणि आईंनी काय केलं तेही शकूने सांगितलं. उठून मागच्या दारी गेल्या आणि सुकत घातलेलं जाळं उगाच खालीवर करत बसल्या. या आठवड्यात सुकटही आली नाही. आता माझं काय राहिलं? अबोला होता तो तरी सुकटीसकट होता.

मी संक्रांत झाली की स्वतः करंज्याला येते आणि पाया पडते. त्यांच्या मनात नसेल तर नोकरी सोडते. मनापासून लिहिते आहे. त्या माणसाला मी दुखवलं, आणि ते सहन होत नाही. तुझ्यावर मात्र मी रागावलेली राहणार आहे.

वेणू


पनवेल,
२२ जानेवारी १९५८

चि. सौ. चंद्रावतीस,

हे पत्र मोठ्याने वाच. एक अक्षर गाळू नकोस. आई समोर बसल्या असतील, कोळंबी सोलत असतील तर सोलू देत, पण त्यांना ऐकू जाईल असं वाच. त्यांच्या तोंडावर हे बोलायचा प्रयत्न मी त्या दिवशी दोनदा केला. पहिल्यांदा त्या "गप" म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा एस.टी. आली.

मी करंज्याला निघायच्या आदल्या दिवशीच त्या इथे आल्या. सकाळची पहिली गाडी धरून. डोक्यावर टोपली, टोपलीत सुकट, आणि सुकटीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी. इस्पितळाच्या पायरीशी मला बोलावणं आलं. मी धावत गेले, वाकले, तर मला धरून उभं केलं आणि पहिलं काय केलं असेल? माझा डावा हात धरून अंगठा स्वतः वर-खाली करून बघितला. कोंबडी घेताना बघतात तसा. पसंत पडला असावा, कारण सोडला.

मग कागद उघडला. हिरव्या बांगड्या होत्या. माझ्या मापाच्या नव्हत्या, चांगल्या मोठ्या, सैल. म्हणाल्या, "ह्या तुझे हातान राह्याच्या नाय. घराबाहेर पडशील तवा घाल, काम आला का साबन लावून काढ. न फुटता निघतील. कासार हसला. हसूं दे मेल्याला." मी म्हटलं, "आई, पण काढायच्या नाहीत ना? तुमचा मुलगा होडीवर आहे." त्यावर त्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं.

आजपर्यंत मामंजींबद्दल त्या माझ्याजवळ कधी बोलल्या नव्हत्या. तुझ्याजवळही नसतील, चंद्रे, तू तेव्हा पाळण्यात होतीस. त्या दिवशी बोलल्या. बोलल्या तसंच लिहिते.

"माझे हातान कोपरापावत व्हत्या. एकबी फुटली नव्हती. तुझा सासरा दर्यान गेला त्या दिसाला मी हात बघितला, सगल्या धड. मंग लोकांनी येऊन फोडल्या. वेनू, बांगडीनं मानूस परत येत नाय. दोर धड असला, होडी धड असली, तांडेल शुद्धीवर असला, तं येतं. तुझे सासऱ्याचे होडीचा दोर कुजलेला व्हता. सगल्यांना ठावं व्हता. कोनी बदलला नाय. माझ्या बांगड्या बघून सगले गप बसले, हिच्या भरलेल्या हायेत, काय व्हतंय!"

आई, मला वाटत होतं तुम्ही अपशकुनाला भिऊन रागावला आहात. तुम्ही कशाला भीत होता ते मला कळलंच नव्हतं. कुजक्या दोराला भिणारं माणूस आमच्या डॉक्टरांच्या पंगतीला बसवलं पाहिजे.

मग कमळाबाई आल्या. दोघींनी एकमेकींना खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. आईंनी टोपली पुढे सरकवली आणि विचारलं, "उचलताना हाक कोन देतं?" बाई म्हणाल्या, "तुमची सूनच देते." "मोठ्यानं देते का?" "सगळं पनवेल ऐकेल इतक्या मोठ्यानं." आईंचं तेवढ्यावर समाधान झालं. बाईंनी सुकटीचे आभार मानले. त्या मासळी खात नाहीत हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सगळी रंभाने नेली.

त्याच दिवशी कामावर येतेस का, असं बाईंनी विचारलं. आई म्हणाल्या, "जा. मी हाय पाळी सुटंपावत."

पायरीवरच त्यांनी त्या नव्या बांगड्या माझ्या हातात चढवल्या. विधवेने सवाष्णीला बांगड्या भरायच्या नसतात. आईंनी इकडेतिकडे बघितलंही नाही. मी वाकून नमस्कार केला. मग त्यांनी मला नळाशी नेऊन साबण लावला आणि त्याच बांगड्या एकेक करून काढल्या. इतक्या हळू, की मला माझी आई आठवली. रंभा आणि बाकीच्या आया व्हरांड्याच्या खांबांआडून बघत होत्या, लपल्या आहोत असं समजून.

एकही फुटली नाही. मी हात पुसला आणि मोकळ्या हाताने आत गेले.

आत काय झालं, तर विशेष काही नाही. म्हणजे देवाची कृपा. एका म्हातारीला खाटेवरून उचलायचं होतं, मिठागरावर पडून तिचा खुबा मोडला आहे. आम्ही तिघी उभ्या राहिलो, मी हाक दिली, उचललं. म्हातारीने घाबरून माझं मनगट धरलं, अगदी तुळशीरामशेठसारखं. धरू दिलं. धरायला तिथे आता फक्त मीच होते. अंगठा तिच्या पाठीखाली घट्ट राहिला. माझ्या समोरच्या बाजूला रंभा होती, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे होते. माझ्या मागोमाग नळाशी जाऊन आली होती. बाहेर आल्यावर नाक शिंकरलं तिने, एवढंच.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

पाळी सुटल्यावर मी बाहेर आले. आई पायरीवर होत्या. भेटीच्या वेळेची गर्दी होती, रोग्यांचे नातेवाईक, टांगेवाले, फळवाले. सगळे जाता-येता आईंकडे बघत होते, आणि काही बायका तर थांबून बघत होत्या. मला आधी कळेना का. मग दिसलं. पांढऱ्या कपाळाची, गळा मोकळा असलेली ही बाई, आणि तिच्या डाव्या हातात हिरव्यागार बांगड्या. माझ्या. जाळी ओढून ओढून रुंद झालेल्या त्यांच्या हाताला त्या अगदी बरोबर बसल्या होत्या. मग लक्षात आलं, की कासाराकडे माप त्यांनी स्वतःचं दिलं होतं.

भेटीला आलेली एक म्हातारी पुढे झाली आणि म्हणाली, "बाय गं, हे काय? तुमच्यात असं चालतं का?" आई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सून आतमंदी कामाला गेलीय. तिचेसाठी घातल्यात."

मी दारातच उभी राहिले. त्यांनी मला बघितलं. चंद्रे, तू कधी आईंना लाजलेलं पाहिलं आहेस का? मी पाहिलं. म्हणाल्या, "तू माझे पोरासाठी घालतंस. तुझेसाठी कोन घालनार? मी घालतंय. झाला मंग."

आई, माझी आई मी लहान असताना गेली. तेव्हापासून मी कुठे गेले, कुठून आले, पडले, उठले, यासाठी कोणी जीव मुठीत धरून बसलं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. परवा सगळी पाळी तुम्ही त्या पायरीवर माझ्यासाठी बसला होता, चारचौघांच्या डोळ्यांसमोर, हातात काच घालून. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तुम्ही बांगड्या काढायला लागलात तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या, साबण आणते." साबण माझ्या खिशातच होता. पण मी आत गेले, आणि एस.टी. येईपर्यंत बाहेर आले नाही. तेवढा वेळ त्या तुमच्या हातात राहिल्या.

तुमची,
वेणू